बारीक करवत व बांधावरचें लांकूड

माघ-फाल्गुनांत शाळू निघाला, कडब्याची गंजी रचून झाली आणि खळें उठलें, म्हणजे आष्टी तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला मृगाच्या पावसापर्यंत फारसें काम उरत नाहीं. बागायतदाराची गोष्ट वेगळी. परंतु बालाघाटाच्या उतारावरील व सीनेच्या खोऱ्यांतील या पर्जन्यछायेच्या मुलखांत चैत्र-वैशाखांत पाणी टिकणारी विहीर आहे तरी किती जणांची? नांगरट, शेणखत वाहणें, कुंपणाची डागडुजी हीं कामें वजा जातां दिवसाचे तीन-चार तास मोकळे राहतात. ते कोठें जातात हें आम्हीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. पूर्वीं ते पारावर जात. आतां मोबाईलच्या पडद्यावर जातात. पारावरच्या गप्पांशीं आमचें वैर नाहीं. परंतु ज्या हातांना आठ महिने कष्टाची संवय आहे, त्या हातांना चार महिने कांहींच न करणें सुखाचें होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आणि म्हणूनच त्यांना एक हलकें, स्वच्छ व मन गुंतविणारें काम आम्ही येथें सुचवीत आहों.

या कामास इंग्रजींत फ्रेटवर्क म्हणतात, आणि तेंच यंत्रावर केलें तर त्या यंत्रास स्क्रोल-सॉ असें नांव आहे. आपल्या बोलींत सांगावयाचें तर बारीक पात्याच्या कमानी करवतीनें पातळ फळींतून हवी ती आकृति कापून काढणें. सुताराची करवत सरळ चालते. तिचें पातें रुंद असल्यामुळें तिला वळण घेतां येत नाहीं. या करवतीचें पातें सुमारें ५ इंच लांब आणि जाड दोऱ्याएवढेंच रुंद असतें. नालासारख्या परंतु लांबट अशा लोखंडी कमानींत तें ताणून बसविलेलें असतें, म्हणून तें जागच्या जागीं वळतें. फळीच्या मध्यभागीं गिरमिटानें भोंक पाडावें, पात्याचें एक टोंक सोडवून त्या भोंकांतून ओंवावें, पुन्हां कमानींत आवळावें आणि आंतल्या आंत वेल, पान, मोर, अक्षर, काय हवें तें कापावें; बाहेरची कडा अभंग राहते. एवढें साधलें कीं जाळी साधली.

हातानें चालविण्याची अशी करवत कांहीं शें रुपयांत मिळते. पातीं डझनावारी मिळतात आणि तीं तुटावयाचींच, हें मनाशीं धरून चालावें. विजेवर चालणारें यंत्र हजारांच्या घरांत जातें. त्याचें पातें मिनिटास चारशेंपासून सोळाशेंपर्यंत खालींवर होतें, आणि दोन्ही हात फळी फिरविण्यास मोकळे राहतात ही त्याची खरी सोय होय. तथापि आरंभींच यंत्र घेऊं नये असें आम्ही आग्रहानें सांगतों. हाताची करवत माणसास धीर शिकविते. शिवाय आपल्याकडे वीज कधीं येईल व कधीं जाईल याचा भरंवसा जो धरून बसेल, त्याचा बैल अर्धा कापलेलाच राहील.

शहरांतील नोकरदारास हा छंद जितका महाग पडतो तितका शेतकऱ्यास पडत नाहीं, हें आमचें मुख्य म्हणणें आहे. नोकरदारास लांकूड विकत घ्यावें लागतें, नमुन्यांची पुस्तकें विकत घ्यावीं लागतात, आणि इतकें करूनही त्यानें कापलेल्या बैलाचें वशिंड बहुधा चुकीच्या जागीं येतें. कारण त्यानें बैल चित्रांतच पाहिलेला असतो. आपल्याकडे लांकूड गोठ्याच्या आढ्याला अडकविलेलें आहे आणि बैल डोळ्यांत भरलेला आहे. उणीव आहे ती करवतीची व सरावाची. शेंपन्नास वर्षें शेतांत राबलेलें बाभळीचें व सागाचें लांकूड आज आपल्या गांवोगांवीं चुलींत चाललें आहे. ट्रॅक्टर आला, पत्र्याची व लोखंडाची अवजारें आलीं. हें योग्यच झालें. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेईनात. आज तें ऐकून आपणांस हंसूं येतें. परंतु नवें अवजार घरांत आणणें आणि जुन्याचें सरपण करणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. जुनी तिफण गेली ती गेली. तिचें दिंड किती लांब होतें, फण किती कोनांत बसविलेले होते, चाडें कसें कोरलेलें होतें, हें सांगणारा माणूसही आतां पुष्कळ घरांत उरला नाहीं. त्याकडे आम्ही पुढें येऊं.

पातळ फळी बारीक पात्यानें कापण्याची कला मूळ युरोपांतील. फ्रान्सांत चौदाव्या लुईच्या काळीं आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा कारागीर कांसवाचें कवच व पितळ यांचे पातळ पत्रे एकावर एक ठेवून अशा पात्यानें एकदम कापी, आणि एकाची आकृति दुसऱ्याच्या पोकळींत बसवी. तें राजवाड्यांतील काम. शेतकऱ्याच्या दृष्टीनें अधिक शिकण्यासारखी गोष्ट स्वीडनची आहे. तेथें हिंवाळ्यांत जमीन बर्फाखालीं गेली कीं शेतकरी घरांत बसून लांकडाचे चमचे, दांते, खुर्च्या, खेळणीं करी. या घरकामास ते स्लॉइड म्हणत. एकोणिसाव्या शतकांत कारखान्यांचा माल स्वस्त मिळूं लागला, आणि हें काम बसलें. तेव्हां ऑटो सालोमन (१८४९–१९०७) या शिक्षकानें गोथेनबर्गजवळ नेस येथें शिक्षकांसाठीं शाळा काढून हें लांकूडकाम शिक्षणांत आणलें. शेजारच्या फिनलंडांत ऊनो सिग्नेउस याच्या प्रयत्नानें १८६६ सालींच हस्तकाम शाळांच्या अभ्यासक्रमांत शिरलें होतें. सुतार तयार करणें हा सालोमनचा हेतु नव्हता. डोळा, हात व मन यांनीं एकत्र काम करावें, आणि अंगमेहनतीविषयीं आदर वाटावा, हा होता. त्यांचा हिंवाळा तोच आपला उन्हाळा. बर्फाऐवजीं ऊन, एवढाच फरक.

आपल्याकडेही हा विचार नवा नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि तींतून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामासही स्थान दिलें. पुढें ती योजना पुस्तकी शाळेपुढें टिकली नाहीं. कां टिकली नाहीं याची चर्चा येथें करीत नाहीं. परंतु मुलास हत्यार देण्यापेक्षां पुस्तक देणें पालकांस अधिक प्रतिष्ठेचें वाटलें, हें एक कारण होतें असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांत मात्र हें काम निव्वळ छंद म्हणून घरोघर पोंचलें. नॉरफोक परगण्यांतील डेरहॅम या बाजारगांवीं १८९५ च्या सुमारास हॉबीज नांवाचा कारखाना निघाला. त्यानें त्याच नांवाचें साप्ताहिक काढून आकृत्यांचे कागद, पातीं व पायानें चालणारीं यंत्रें विकलीं. पायानें चालणाऱ्या या यंत्राची मांडणी शिलाई यंत्रासारखीच असते: खालीं पायपट्टी, मध्यें जड चाक, वर खालींवर होणारा दांडा. आपल्याकडे शिंप्याच्या जुन्या यंत्राचे लोखंडी सांगाडे भंगारांत जातात. हुशार लोहाराच्या मदतीनें त्यांवर असें यंत्र उभें करतां येतें, आणि त्याला वीज लागत नाहीं.

महाराष्ट्रांत लांकडावरील नक्षीची परंपरा मोठी आहे. परंतु ती पटाशीची व कातणीची, बारीक करवतीची नव्हे. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या दर्शनी सज्जावरील कोरीव काम आजही पाहावयास मिळतें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव फिरून जुने दरवाजे, दिवे, अडकित्ते जमविले, आणि १९७५ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. तो पुण्यांत राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांतील कोरीव दरवाजे पाहतांना आमच्या मनांत येतें कीं, असे दरवाजे मराठवाड्यांतील किती वाड्यांतून निघून वखारीच्या वजनकांट्यावर गेले असतील. कोंकणांत सावंतवाडीस पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचीं फळें व खेळणीं करून रंगविण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. पांगारा हें झाड तिकडे मिरीच्या वेलास आधार म्हणून लावतात. शेताच्या कडेच्या कांटेरी झाडापासून चितारआळीचीं खेळणीं निघालीं, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळचें उदाहरण नागपूरचें आहे. तेथें पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो. मुलें चाकांवरचे लांकडी बैल सजवून मिरवितात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं ही चाल पाडली असें तेथें सांगतात. आपल्या मराठवाड्यांत पोळ्यास घरांत मातीचे बैल पूजतात. ते चारच दिवसांत फुटतात, आणि फुटावेतच, मातीचें तें मातींत जावें. परंतु ज्या घरच्या दावणीला आतां बैलच नाहीं, त्या घरच्या मुलाच्या हातांत एखादा लांकडी बैल द्यावा असें कोणास वाटलें, तर बारीक करवत शिकण्यास याहून चांगलें पहिलें काम नाहीं. म्हणून त्याची रीत जरा विस्तारानें देतों.

बैल तीन फळ्यांचा करावा. मधली फळी पाऊण इंच जाड. तिच्यांत मस्तक, मान, वशिंड, पाठ व शेपूट. दोन्ही बाजूंच्या फळ्या अर्धा इंच जाड. त्यांत पोट व पाय. मधल्या फळीचे तंतु आडवे असावेत, कारण पाठीची लांबी आडवी आहे. बाजूच्या फळ्यांचे उभे असावेत, कारण पाय उभे आहेत. ज्यानें हा विचार न करितां एकाच जाड फळींतून सबंध बैल कापला, त्याच्या बैलाचा पाय मुलाच्या हातांतून एकदां खालीं पडतांच तंतूच्या रेषेनें तुटलाच म्हणून समजावें. आकृति कागदावर काढून तो कागद पातळ खळीनें फळीवर चिकटवावा. कापतांना फळीखालीं बेचक्यासारखी खांच असलेली दुसरी फळी टेबलास घट्ट आवळावी आणि त्या खांचेंत करवत चालवावी. पात्याचे दांते खालच्या दिशेस असावेत, म्हणजे करवत खालीं ओढतांना कापते व वर जातांना नुसती सरकते. वळणावर जोर करूं नये. करवत जागीं चालू ठेवून फळी हळू फिरवावी. पातें तुटतें तें घाईनें वळविल्यामुळें, लांकडाच्या कठीणपणामुळें क्वचितच. आंतील पोकळ्या आधीं व बाहेरची कडा शेवटीं, हा क्रम चुकवूं नये. कडा आधीं कापली तर हातांत धरण्यास फळीच राहत नाहीं. तिन्ही भाग सरसानें जोडून रात्रभर दाबून ठेवावे, आणि कानशीनें कडा गोल कराव्या. चाकेंही याच करवतीनें कापावीं. फांदीच्या आडव्या चकत्या काढून चाकें करण्याचा मोह होतो; परंतु चकती वाळतांना मध्यापासून कडेपर्यंत तडकते.

शिंगें मात्र वेगळीं करून बसवावीं, आणि खरी परीक्षा येथेंच आहे. बाजारांत मिळणाऱ्या खेळण्यांतील बैलास जीं शिंगें असतात, तीं कोणत्याच जातीचीं नसतात. खिलाराचीं शिंगें बुडाशीं जवळजवळ असून कपाळाच्या रेषेंत मागें जातात, मग डौलानें वर वळून टोंकास अणकुचीदार होतात. मस्तक लांब व अरुंद, आणि पाय उंच. देवणीचें कपाळ फुगीर, कान लांब व लोंबते, अंग पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचें. त्यांतही वानेरा, बालंक्या व शेवेरा असे रंगाचे भेद आहेत. वानेऱ्याचें अंग पांढरें व तोंडाच्या बाजू काळ्या, तर शेवेऱ्याच्या सबंध अंगावर काळे डाग विखुरलेले. लाल कंधारी हा नांवाप्रमाणें तांबडा, बांध्यानें मध्यम, शिंगें बेताचीं व सारख्या वळणाचीं. कागदावर हे भेद पेन्सिलीनें काढतांना आमच्या कित्येक वाचकांस प्रथमच कळेल कीं, आपण जें रोज पाहतों तें किती थोडें पाहतों. चित्रकला येत नाहीं म्हणून अडून बसूं नये. गोठ्यांतील बैलाचें बाजूनें छायाचित्र घ्यावें, तें गांवांतील झेरॉक्सच्या दुकानांत हव्या त्या मापाचें छापून घ्यावें आणि त्याची कडा गिरवावी. खिलाराच्या लांब शिंगांसाठीं बोरीचें किंवा बाभळीचें चिवट लांकूड घ्यावें, आणि बुडाशीं खुंटी ठेवून मस्तकाच्या भोंकांत बसवावें.

लांकडाविषयीं आतां थोडें लिहिणें अवश्य आहे. शिकाऊ माणसानें आरंभ मऊ व एकसारख्या तंतूच्या लांकडानें करावा. शिवण हें आमच्या मतें सर्वांत उत्तम. तें हलकें असून वाळल्यावर वांकत नाहीं, म्हणूनच वाद्यांस व चित्रकाराच्या पाट्यांस तें वापरतात. हळदू मिळाला तर भाग्यच. त्याचे तंतु इतके बारीक असतात कीं नक्षीची कडा सुरीनें कापल्यासारखी स्वच्छ निघते. आंबा मऊ आहे, पण त्यास किडा लवकर लागतो. कडुनिंब चालतो, परंतु त्याचा भुसा नाकांत गेला तर खोकला व शिंका येतात. साग कापण्यास सोपा वाटतो, पण त्याच्या अंगांत वाळूसारखा अंश असल्यामुळें पात्याची धार लवकर जाते. बाभूळ, चिंच, बोर हीं कठीण लांकडें. तीं सराव झाल्यावर घ्यावीं, आणि फळी पाव इंचाहून जाड घेऊं नये. शिसवाचा रंग मोहक आहे, परंतु त्याच्या भुशानें कित्येकांच्या अंगास खाज सुटते. निलगिरीच्या नादीं लागूं नये. ती वाळतांना पिळवटते व फाटते. कोणतेंही लांकूड कापतांना तोंडास उपरणें बांधावें, हें निराळें सांगावयास नको.

या छंदासाठीं उभें झाड तोडूं नये, हें मात्र निराळेंच सांगतों. महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणें साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर इत्यादि अनुसूचित झाडें स्वतःच्या मालकीच्या जमिनींतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. कायदा बाजूस ठेवला तरी आमच्या तालुक्यांत झाडेंच किती आहेत? १९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यानें जें भोगलें तें वडीलधाऱ्या मंडळीस आठवत असेल. ज्याच्या बांधावर सावली नाहीं त्यानें लांकडी मोर कापून भिंतीस लावावा, यांत कांहीं शोभा नाहीं. वळवाच्या वाऱ्यानें पडलेली फांदी, छाटणींतील बोरीचा बुंधा, मोडलेली गाडी, पाडलेल्या घराची तुळई, एवढ्यानें एका माणसाचा छंद जन्मभर पुरतो. हातभर फळींत महिन्याचें काम आहे.

ओलें लांकूड लगेच कापूं नये. फांदीच्या उभ्या फळ्या पाडून त्यांच्या दोन्ही टोंकांस शेणाचा दाट लेप द्यावा, कारण टोंकाकडून पाणी फार लवकर जातें आणि तेथूनच चिरा पडतात. मग फळ्यांच्या मध्यें बारीक काड्या ठेवून वारा लागेल अशा सावलींत त्या रचून ठेवाव्या व वर वजन द्यावें. इंचभर जाडीस सुमारें एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. पातळ फळी आपल्या कोरड्या हवेंत त्याहून लवकर वाळते. जुन्या अवजारांच्या लांकडास ही खटपट नको. तें तुमच्या आजोबांच्या काळींच वाळून झालेलें असतें. त्यांत खिळे मात्र लपलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते काढावे.

अवजारांचा विषय निघालाच आहे, तर मघां राहिलेली गोष्ट सांगून टाकतों. ज्याच्या घरीं जुनी तिफण, कुळव, लांकडी नांगर, गाडीचें चाक वा मोटेचें चाक अजून आहे, त्यानें त्याचें सरपण करण्यापूर्वीं एक दिवस काढून दोरीनें व पट्टीनें त्याचें माप घ्यावें आणि वहींत उतरावें: दिंडाची लांबी, फणांतील अंतर, इसाडाची जाडी, रुमण्याचा कल. चाकास आरे किती, पुठ्ठे किती, तुंबा केवढा, हेंही लिहावें. मग एका फुटास एक इंच या प्रमाणानें त्याच अवजाराच्या लांकडांतून त्याची लहान प्रतिकृति करावी. गाडीच्या चाकाचे भाग बारीक करवतीनें कापून एकमेकांत बसवितांना जुन्या सुताराची करामत जशी कळते, तशी ती पाहून कधीं कळत नाहीं. आरा पुठ्ठ्यांत किती खोल जातो, पुठ्ठ्यांचे सांधे आऱ्यांच्या मध्येंच कां येतात, लोहार तांबडी केलेली धांव चाकावर चढवून वर पाणी कां ओततो, हे प्रश्न हातांनीं काम करतांना आपोआप पडतात आणि आपोआप सुटतात. तिफणीच्या फणांतील अंतर तर गांवागांवाचें वेगळें असे. जमिनीचा मगदूर व पाऊस पाहून तें ठरे. तें अंतर म्हणजे आपल्या वाडवडिलांची शेतकी होय, आणि तें कोणत्याही पुस्तकांत उतरलेलें नाहीं.

ज्यांस बैल व अवजारें यांपेक्षां नक्षी अधिक आवडते, त्यांनीं नमुन्यांसाठीं बाहेर जाऊं नये. घरांतल्या बायकांच्या रांगोळीकडे पाहावें. ठिपक्यांच्या रांगोळींत गुंफणीचे जे असंख्य प्रकार आहेत, त्यांतून सुंदर जाळ्या होतात. फरक एवढाच कीं, रांगोळींत रेघ अधांतरीं असली तरी चालते. जाळींत प्रत्येक भाग शेजाऱ्यास कोठें तरी जोडलेला असावा लागतो, नाहींतर कापतांच तो गळून पडतो. कोणती रेघ ठेवावी, कोणती पोकळ करावी, कोठें बारीक पूल सोडावा, ही चर्चा ज्या घरांत नवरा-बायको, सासू-सून एका पाटाभोंवतीं बसून करितील, त्या घरांत करवत एकाच्या हातीं राहणार नाहीं. आमच्या मतें या कामांत स्त्रियांचा हात पुरुषांहून सरस ठरेल. रेघ मोडूं न देण्याचा सराव त्यांना लहानपणापासून आहे.

जाळीचा उपयोगही घरांतच आहे. देव्हाऱ्याची महिरप, खिडकीची झडप, आणि विशेषतः गणपतीचें मखर. महाराष्ट्र शासनानें मार्च २०१८ मध्यें प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. त्यापूर्वीं खेड्यापाड्यांतूनही दर भाद्रपदांत थर्मोकोलचीं मखरें येत, आणि विसर्जनानंतर ओढ्यांत नाहींतर उकिरड्यावर जात. लांकडाचें किंवा प्लायवूडचें मखर एकदां कापलें, त्याच्या कमानी खांचांनीं एकमेकींत बसतील अशा केल्या, कीं तें उलगडून माळ्यावर ठेवतां येतें आणि पुढल्या वर्षीं तेंच उभें राहतें. दोन बाजूंच्या कमानी हुबेहूब सारख्या याव्या म्हणून दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून कडेस बारीक खिळ्यांनीं जोडाव्या व एकदमच कापाव्या. प्लायवूड, पातीं व कांचकागद नगरच्या पेठेंत मिळतात. २०२२ च्या सप्टेंबरांत नगरहून आष्टीपर्यंत पहिली प्रवासी गाडी धांवली, तेव्हांपासून आपला तालुका आगगाडीच्या नकाशावर आला आहे, आणि नगरचें नांवही आतां अहिल्यानगर झालें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, शेतकऱ्यानें लांकूडकाम हातीं घेतलें तर सुताराच्या पोटावर पाय येईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सुताराचें बलुतें कोणत्याही छंदिष्टानें मोडलेलें नाहीं; तें लोखंडी अवजारांनीं व तयार फर्निचरानें मोडलें. जाळीचा धंदा म्हणावा तर शहरांत संगणकाच्या आज्ञेनें चालणारें यंत्र तासांचें काम मिनिटांत करतें. त्याच्याशीं स्पर्धा करण्याचा विचार कोणीं मनांतही आणूं नये, आणि या छंदावर पैसा मिळवून देतों म्हणणाऱ्याच्या नादीं तर मुळींच लागूं नये. उलट ज्यास हा छंद लागेल, त्यास सुताराकडे जावेंच लागेल. फळी रंध्यानें सारखी करणें, पटाशीस धार लावणें, गुण्यानें काटकोन पाहणें हें त्याच्यावांचून कोण शिकविणार? त्याबद्दल त्यास योग्य मोबदला द्यावा. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेर जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं थकून परततात. त्यांनीं त्या दिवसांत विश्रांतीच घ्यावी. तो त्यांचा हक्क आहे. हा लेख ज्यांच्या हातांस खरोखर रिकामपण आहे त्यांच्यासाठीं आहे.

काम पुरें झालें कीं कांचकागद तंतूच्या दिशेनें फिरवावा, आडवा नव्हे. नंतर जवसाचें तेल लावावें. हें तेल लांकडांत मुरून हवेनें आपोआप घट्ट होतें, आणि लांकडाचा मूळचा रंग खुलवितें. मुलांच्या खेळण्यास घाण्याचें साधें तेलच वापरावें. रंगाच्या दुकानांत उकळलेलें म्हणून जें जवसाचें तेल मिळतें, त्यांत लवकर वाळावें म्हणून धातूचे क्षार घातलेले असतात, आणि मूल खेळणें तोंडांत घालतेंच. घाण्याचें तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून पातळ हात द्यावा, अर्ध्या तासानें जास्त झालेलें पुसून घ्यावें, आणि चार-सहा दिवसांनीं दुसरा हात द्यावा. पुसलेल्या फडक्यासंबंधीं फार जपावें. जवसाचें तेल वाळतांना उष्णता निर्माण होते, आणि चुरगाळून टाकलेल्या फडक्यांत ती कोंडून तें आपोआप पेट घेतें. तें फडकें पाण्यांत भिजवून मग उघड्यावर, एकपदरी पसरून वाळत घालावें. गोठ्याच्या कोपऱ्यांत किंवा कडब्याच्या गंजीजवळ तर कधींच टाकूं नये.